एपिक्यूरसचें ‘सुख’ व मराठी भाषांतरकार

इतिहाससंशोधनांत एक नियम आतां सर्वमान्य झालेला आहे. अस्सल कागद हातीं असतां प्रतिपक्षाच्या बखरीवरून निवाडा करूं नये, हा तो नियम होय. राजघराण्यांच्या इतिहासास हा नियम आपण कसोशीनें लावितों. विचारांच्या इतिहासास लावतांना मात्र हात आखडता घेतों. ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्यूरस याचें उदाहरण घ्यावें. मराठींत त्याचें नांव निघालें कीं चार्वाकाचें नांव पाठोपाठ येतें, आणि दोघांसही खुशालचेंडूंचे आचार्य ठरवून विषय संपविला जातो. चार्वाकाचा मूळ ग्रंथ नष्ट झाला असल्यामुळें त्याच्यावरील अन्यायास निदान कारण तरी सांगतां येईल. एपिक्यूरसचीं स्वतःचीं पत्रें उपलब्ध आहेत. तीं मराठींत आणतांना सुख, सद्गुण व मैत्री या तीन शब्दांचा अर्थ कसा निश्चित करावा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

प्रथम साधनें पाहूं. एपिक्यूरस ख्रि. पू. ३४१ मध्यें सामोस बेटांत जन्मला. ख्रि. पू. ३०६ च्या सुमारास त्यानें अथेन्स येथें एक बाग घेऊन तींत आपला संप्रदाय स्थापिला. त्या मंडळींत स्त्रिया होत्या व दासही होते. ख्रि. पू. २७० च्या सुमारास तो वारला. त्याच्या विपुल ग्रंथांपैकीं तीन पत्रें व चाळीस मुख्य सिद्धान्त डायोजेनीस लेअर्शियस यानें आपल्या तत्त्ववेत्त्यांच्या चरित्रग्रंथाच्या दहाव्या भागांत उतरून घेतल्यामुळें वांचले. १८८८ सालीं कार्ल वोट्के यानें व्हॅटिकन ग्रंथालयांतील चौदाव्या शतकांतील एका हस्तलिखितांतून ८१ वचनांचा आणखी एक संग्रह उजेडांत आणिला. यांखेरीज रोमन कवि लुक्रीशियस याचें काव्य, इ. स. ७९ मधील ज्वालामुखीच्या राखेंत गाडले गेलेले हर्क्युलेनियमचे पपायरस, आणि आशिया मायनरमधील ओइनोआंडा येथील भिंतीवरचा प्रचंड शिलालेख, हीं सर्व स्वपक्षाचीं साधनें आहेत. सिसेरो व प्लूटार्क हे प्रतिपक्षाचे बखरकार. त्यांची साक्ष घ्यावी. परंतु ती प्रतिपक्षाची म्हणूनच घ्यावी.

एका चरणानें एखाद्या मताची कीर्ति कशी पालटते हें आपल्याकडील उदाहरणावरूनच दिसेल. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहां’त चार्वाकमताच्या प्रकरणीं सुखानें जगण्याचा उपदेश करणारा तो प्रसिद्ध श्लोक दोन रूपांत येतो. प्रकरणाच्या आरंभीं त्याच्या दुसऱ्या चरणांत, मृत्यूच्या आटोक्याबाहेर कोणी नाहीं, एवढेंच म्हटलें आहे. प्रकरणाच्या शेवटीं त्याच चरणाच्या जागीं कर्ज काढून तूप पिण्याची गोष्ट आली आहे. पहिला पाठ वाचणारा मरणाचा विचार करूं लागतो. दुसरा पाठ वाचणारास हंसूं येतें. लोकांच्या तोंडीं दुसराच राहिला, आणि एका दर्शनाची परीक्षा तुपाच्या वाटीवर आटोपली. एपिक्यूरसची गत तिकडे हीच झाली. ज्यानें पाणी व भाकरी यांवर संतोष मानिला, आणि एखादे दिवशीं मेजवानी करितां यावी म्हणून मित्राजवळ चीजचें लहानसें भांडें मागितलें, त्याच्या नांवावर पुढें चैनीचा एक पंथच उभा करण्यांत आला.

मराठी वाचकाच्या मनांतील एपिक्यूरस पुष्कळ अंशीं ‘गीतारहस्या’च्या परंपरेंतून घडला आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ च्या हिंवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणांत सुखवाद्यांच्या पायऱ्या पाडून केवळ स्वतःच्या ऐहिक सुखाकडे पाहणाऱ्या चार्वाकादिकांस सर्वांत खालची पायरी दिलेली आहे. परंतु त्याच ग्रंथांत पुढें सिद्धावस्थेच्या प्रकरणीं स्थितप्रज्ञाच्या शेजारीं पाश्चात्त्यांच्या आदर्श ज्ञानी पुरुषाचें वर्णन येतें, आणि तेथें एपिक्यूरसचा पुरुषही उभा आहे : स्वतः उद्वेग न पावणारा व दुसऱ्यास उद्वेग न देणारा. गीतेच्या बाराव्या अध्यायांतील भक्तलक्षणाशीं असलेलें साम्य टिळकांसारख्या मर्मज्ञाच्या नजरेंतून सुटणें शक्यच नव्हतें. वाचकांनीं पहिलें प्रकरण लक्षांत ठेविलें व दुसरें विसरले, हा दोष ग्रंथकाराचा नव्हे.

तथापि येथें एक सूक्ष्म भेद नोंदविणें अवश्य आहे. टिळकांस हें वर्णन इंग्रजी नीतिग्रंथांच्या द्वारें मिळालें. मूळ ग्रीक सिद्धान्तांत, म्हणजे चाळिसांपैकीं पहिल्यांत, हें लक्षण धन्य व अमर अशा देवाचें सांगितलें आहे. ज्ञानी मनुष्य मर्त्य असूनही त्या स्थितीच्या जवळ जातो, असा मेनीसियस यास लिहिलेल्या पत्राच्या शेवटाचा आशय आहे. देवाचें लक्षण व त्याचें मनुष्यांत पडलेलें प्रतिबिंब यांत भाषांतरकारानें घोटाळा करूं नये.

आतां मुख्य शब्दाकडे वळूं. ग्रीक ‘हेडोनी’ हा शब्द लॅटिनमध्यें ‘वोलुप्तास’ या शब्दानें नेला गेला. याहून नेमका प्रतिशब्द नाहीं असा सिसेरोचा दावा होता, आणि मग त्या लॅटिन शब्दास चिकटलेल्या विलासाच्या छटेवरच त्यानें एपिक्यूरसची कोंडी केली. मराठींत ‘भोग’ किंवा ‘विलास’ हे शब्द घेणारा भाषांतरकार नकळत सिसेरोचाच वकील होतो. एपिक्यूरसनें सुखाचे दोन प्रकार मानिले. तहानेल्यानें पाणी पितांना जें वाटतें तें चालतें सुख. तहान भागल्यावर देह ज्या स्वस्थ अवस्थेंत राहतो तें स्थिर सुख. यांस आम्ही अनुक्रमें गतिसुख व स्थितिसुख म्हणूं. देहास पीडा नसणें व मनास क्षोभ नसणें हीच त्याच्या मतें सुखाची पराकाष्ठा. सुख व दुःख यांच्यामध्यें तिसरी उदासीन अवस्था त्यास मान्य नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मग ‘दुःखाभाव’ हाच शब्द सरळ कां योजूं नये? आपल्या नैयायिकांपुढें हाच प्रश्न होता. मुक्तीच्या किंवा ब्रह्माच्या वर्णनांत येणारा आनंद म्हणजे वस्तुतः दुःखाचा अभाव, असें सांगतांना ते ओझेवाल्याचा दृष्टांत देतात : डोक्यावरचा भारा उतरला कीं मनुष्य आपण सुखी झालों असें म्हणतो. त्यांच्या मतें हा बोलण्याचा उपचार आहे. टिळकांनींही सुखदुःखविवेकांत, सुख म्हणजे निव्वळ दुःखाची निवृत्ति, हें मत खोडून सुखास स्वतंत्र स्थान दिलें. एपिक्यूरसचें म्हणणें या दोहोंहून निराळें पडतें. ओझें उतरल्यावर जें वाटतें तें त्याच्या मतें खरेंखुरें सुख आहे, उपचार नाहीं. आणि तें वाटण्यास जाणणारा देह शाबूत असावा लागतो.

ही शेवटची अट किती महत्त्वाची आहे, हें वरोऱ्याच्या वाचकास निराळें समजावून द्यावयास नको. वरोऱ्याजवळ मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिती स्थापून कुष्ठरुग्णांची वसाहत उभारण्याचें काम हातीं घेतलें. कुष्ठरोगांत मज्जातंतु बिघडून त्वचा बधिर होते. निखारा हातास लागला तरी कळत नाहीं, पायांत कांटा रुतला तरी कळत नाहीं, आणि न कळलेल्या जखमाच पुढें बोटें झडण्यास कारण होतात. येथें पीडा न जाणवणें हेंच रोगाचें लक्षण आहे. एपिक्यूरसच्या ‘अपोनिया’ या शब्दाचें भाषांतर ‘वेदनाशून्यता’ असें केलें तर सुखाच्या पराकाष्ठेच्या जागीं आपण रोगाचें नांव लिहून मोकळे होऊं. शिवाय ‘वेदना’ या शब्दाचा शास्त्रांतील अर्थ ‘जाणीव’ असा आहे, मग ती अनुकूल असो वा प्रतिकूल. मराठींत तो दुखण्यापुरता उरला. एपिक्यूरसच्या मतें सर्व बरेंवाईट जाणिवेंतच आहे, आणि जाणिवेचा लोप म्हणजे मृत्यु. तेव्हां जाणीव कायम राहून पीडा गेलेली, अशी अवस्था दाखविणारा शब्द पाहिजे. आमच्या मतें तो ‘स्वास्थ्य’ हा होय. त्यांत देहाची निरोगी स्थिति आहे, आणि आपल्या ठायीं स्थिर असण्याचा मूळ अर्थही आहे. मनाच्या ‘आताराक्सिया’स ‘अक्षोभ’ म्हणावें.

वरोऱ्याच्या त्या वसाहतीचें नांव ‘आनंदवन’ असल्यामुळें आणखी एक मोह उत्पन्न होतो. बागेंतला संप्रदाय, समाजानें बाहेर ठेविलेल्यांचा समावेश, आणि नांवांतच आनंद. मग ‘हेडोनी’ म्हणजे आनंद व एपिक्यूरसची बाग म्हणजे ग्रीकांचें आनंदवन, असें कां म्हणूं नये? ही तुलना मनोरम आहे, परंतु टिकणारी नाहीं. ‘आनंदवन’ हें नांव जुनें आहे. पुराणांत काशीक्षेत्रास तें लाविलें आहे. समर्थ रामदासांच्या ‘आनंदवनभुवनीं’ या प्रकरणाच्या नांवांतही तें आहे. क्षेत्राचा मोक्षानंद, समर्थांच्या स्वप्नांतील धर्मस्थापनेचा आनंद, आणि टाकलेल्या माणसास श्रमानें परत मिळालेला मान, असे तीन अर्थ त्या एका नांवानें वाहिले. तिहींमध्येंही आनंद देहाच्या वर चढतो. एपिक्यूरसचें सुख देहापासून सुरू होतें : भूक नसावी, तहान नसावी, थंडी वाजूं नये. शिवाय त्यानें आपल्या अनुयायांस लोकव्यवहारापासून दूर, नजरेआड राहण्यास सांगितलें. बाबा आमट्यांनीं भिक्षेपेक्षां श्रमास श्रेष्ठ मानून समाजास आपल्या दाराशीं बोलाविलें. ‘आनंद’ शब्द घेतल्यास एपिक्यूरसचा देह हरवतो आणि आनंदवनाचा श्रमही हरवतो. म्हणून ‘सुख’ हाच शब्द, त्यावर चढलेल्या सर्व संशयांसह, पत्करावा.

सद्गुणाविषयीं एपिक्यूरसची भूमिका दोन वाक्यांत सांगतां येते. विवेकानें, शोभेल असें व न्यायानें वागल्यावांचून सुखानें जगणें शक्य नाहीं, आणि सुखानें जगल्यावांचून तसें वागणेंही शक्य नाहीं. सद्गुण व सुखी जीवन हीं एकत्र वाढलेलीं आहेत. मात्र सद्गुण हवा तो सुखासाठीं, औषध हवें तें आरोग्यासाठीं, तसा. यांतील ‘फ्रोनेसिस’ या शब्दास ‘प्रज्ञा’ म्हणण्याचा प्रघात योग्य वाटत नाहीं. कोणतें सुख टाकावें व कोणतें कष्ट पत्करावे याचा हिशेब करणारी ती बुद्धि आहे. तीस ‘विवेक’ म्हणावें.

मैत्रीच्या प्रकरणीं प्रश्न पाठभेदाचा आहे. व्हॅटिकन संग्रहांतील तेविसाव्या वचनाचा आशय असा कीं, मैत्रीचा उगम उपयोगांतून होतो, तथापि प्रत्येक मैत्री स्वतःकरितांच कांहीं एक आहे. तें ‘कांहीं एक’ कोणतें? हस्तलिखितांत ‘आरेती’, म्हणजे सद्गुण, असें आहे. जर्मन पंडित उझेनर यानें एक अक्षर वाढवून ‘हाइरेती’, म्हणजे इष्ट, निवडण्याजोगी, असा पाठ सुचविला. लेखकाच्या हातून एक अक्षर गळणें ही नित्याची गोष्ट आहे, आणि ‘स्वतःकरितां’ या पदाशीं उझेनरचाच पाठ अधिक जुळतो. म्हणून मूळांत तो घ्यावा व हस्तलिखितांतील पाठ टीपेंत द्यावा, असें आमचें मत आहे. परंतु त्यानें अडचण सुटते असें कोणीं समजूं नये. सुखावांचून दुसरें कांहीं स्वतःकरितां इष्ट नाहीं, हा संप्रदायाचा पाया. मग मैत्री स्वतःकरितां इष्ट कशी? सिसेरोच्या ग्रंथांत टॉर्क्वेटस याच्या मुखानें या संप्रदायांतलींच तीन निरनिराळीं मतें दिलीं आहेत, आणि त्यांतील एक, मैत्री उपयोगानें जन्मते व सहवासानें तिच्यापलीकडे जाते, या वचनाशीं बरेंच मिळतें. अर्थात् संप्रदायांतही हा प्रश्न मिटलेला नव्हता. भाषांतरकारानें गुळगुळीत वाक्यरचना करून तो मिटवूं नये.

या विसंगतीचा पुरावा एपिक्यूरसच्या शेवटच्या कागदांतही आहे. मूत्रावरोधाच्या असह्य यातनांत लिहिलेल्या पत्रांत तो पूर्वींच्या संभाषणांच्या स्मरणानें मनास होणारा संतोष सांगतो, आणि मृत मित्र मेट्रोडोरस याच्या मुलांची काळजी घेण्याविषयीं विनवितो. मृत्युपत्रांतही त्या मुलांची तरतूद आहे व कांहीं दासांची मुक्तता आहे. मेलेल्या मित्राकडून व आपल्या मरणानंतर कोणता उपयोग व्हावयाचा होता? त्याचें आचरण त्याच्या सूत्राच्या पुढें गेलें होतें, एवढाच अर्थ आम्हांस यांतून काढतां येतो. ‘फिलिया’स ‘मैत्री’ म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र योगसूत्रांतील सुखी प्राण्यांविषयींची मैत्रीभावना येथें अभिप्रेत नसून ठराविक माणसांतील परस्परांचा विश्वास अभिप्रेत आहे, हें टीपेंत सांगावें.

मेनीसियसचें पत्र थोड्या पानांचें आहे. तें ग्रीकवरून, इंग्रजीची मध्यस्थी टाळून, वरील शब्द एकदां ठरवून व ते शेवटपर्यंत न बदलतां मराठींत उतरावें. चाळीस सिद्धान्त व ८१ वचनें पाठभेदांसह त्यास जोडावीं. आणि सिसेरो व प्लूटार्क यांचे आक्षेप स्वतंत्र परिशिष्टांत, आक्षेप म्हणून द्यावे. इतकें साधन एकत्र वाचल्यावर ज्यास एपिक्यूरसचें मत त्याज्य वाटेल त्यानें तें खुशाल टाकावें. ज्याच्या हातीं अस्सल कागद होते त्याचा तो निर्णय असेल.