आनंददायी शनिवार आणि उरलेले पाच दिवस

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. प्राणायाम, ध्यान, श्वसनाची तंत्रे, खेळ, रस्ते सुरक्षा, समस्या सोडवण्याची तंत्रे अशी त्यातल्या उपक्रमांची यादी लांबलचक आहे. मुलांना ताण असतो हे शासनाने मान्य केले, याचे आम्ही स्वागतच करतो. आमची तक्रार आहे ती या यादीतल्या तोलाबद्दल.

दीर्घ श्वासामागे शास्त्र आहे. भीती वाटली की अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, छाती धडधडते, तळहात घामेजतात. उच्छ्वास लांबवत संथ श्वसन केले की व्हेगस चेतेचा हृदयावरचा प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात. तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलाला हे नक्की उपयोगी पडते. पण सबंध वर्गाला डोळे मिटून बसवले की ताण उतरतो, असे मात्र नाही. ब्रिटनमधल्या ८५ शाळांत ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ध्यानाचे धडे घेतलेली मुले नेहमीचेच भावनिक शिक्षण घेतलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. बहुतेकांनी घरी सराव फारसा केलाच नव्हता. (अखेर तोही गृहपाठच!)

आता नागपूरकडे पाहू. २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवल्या गेल्या. विदर्भातून विरोध झाला. त्याच एप्रिलमध्ये नागपूरचा पारा ४४ अंशांवर गेला. कूलर लावूनही रात्री धड झोप न लागलेल्या मुलाला ध्यान शिकवून काय साधणार? त्याचा ताण वेळापत्रकात आहे. याउलट, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय मुलांच्या झोपेचा विचार करून झाला होता. ताणावरचा उपाय म्हणून आम्ही त्याला प्राणायामाच्या वरचे स्थान देऊ.

म्हणूनच यादीतले ‘समस्या सोडवणे’ आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. मुलांनी आपापल्या काळज्या नाव न घालता चिठ्ठ्यांवर लिहाव्यात आणि वर्गाने त्यांचे दोन ढीग करावेत: बदलता येण्याजोग्या आणि न येण्याजोग्या. अपूर्णांक कळत नाहीत, ही पहिल्या ढिगातली चिठ्ठी. निकालाची धाकधूक दुसऱ्या. श्वास, खेळ, मैत्रिणीशी गप्पा हे उपाय मुख्यतः दुसऱ्या ढिगासाठी. नुसत्या लिहिण्यानेही हलके वाटते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती लिहून काढणाऱ्या धास्तावलेल्या विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळाले. पुढच्या प्रयोगांत दर वेळी तसे घडले नाही, पण खर्च कागद-पेन्सिलीपुरताच आहे.

‘बाई सगळ्यांसमोर मार्क वाचतात’ अशी चिठ्ठी निघाली तर? ती पहिल्याच ढिगात जाईल, आणि तिचे उत्तर मुलाकडे मागता येणार नाही.

योजना आठवीला थांबते. नववीच्या दप्तरात मात्र दहावीची शिकवणी आधीच येऊन बसलेली असते. त्या वर्गांसाठी एखादा तास शाळांना स्वतःच काढावा लागेल.