‘गगनचुंबी’ : एका संज्ञेची आणि एका इमारतीची चिकित्सा

शिकागो शहरात १८८४-८५ साली उभी राहिलेली होम इन्शुरन्स कंपनीची इमारत ही जगातील पहिली गगनचुंबी इमारत होय, असे विधान वास्तुकलेच्या इतिहासात रूढ झाले असून मराठी लेखनातही ते पुनःपुन्हा आढळते. या विधानातील ‘इमारत’ या पदाबद्दल वाद नाही. ‘पहिली’ आणि ‘गगनचुंबी’ ही दोन पदे मात्र तपासून घेण्याजोगी आहेत. कारण वस्तूला नाव कोणत्या अंगावरून दिले, यावर तिचा इतिहास कोणत्या अंगाने लिहिला जाईल हे पुष्कळदा ठरते.

इंग्रजीतील ‘स्कायस्क्रेपर’ हा शब्द इमारतींसाठी घडविलेला नाही. जहाजाच्या डोलकाठीवरील सर्वांत वरच्या शिडाला तो प्रथम लावला जाई. पुढे उंच घोड्याला व उंच माणसालाही लावला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तो इमारतींकडे आला. मराठीने त्याचे भाषांतर केले नाही. खरवडण्याची क्रिया तिला रुचली नसावी. तिने संस्कृत परंपरेतील ‘गगनचुंबी’ हे विशेषण जवळ केले. या परंपरेत ‘अभ्रंलिह’, म्हणजे ढगाला चाटणारा, असाही शब्द आहे. त्याची सिद्धी पाणिनीने सांगितली आहे आणि कालिदासाने मेघदूतात अलकानगरीच्या प्रासादांच्या वर्णनात तो योजला आहे. खरवडणे, चाटणे, चुंबणे या क्रिया भिन्न असल्या तरी तिन्ही शब्दांची घडण एकच आहे. इमारत कर्ता, आकाश कर्म आणि दोहोंमध्ये स्पर्शाची क्रिया. भार, पाया, खांब यांना या रचनेत स्थान नाही. इमारत कोठवर पोचली एवढेच हे शब्द सांगतात. ती कशावर उभी आहे, हे सांगत नाहीत.

होम इन्शुरन्स इमारतीचे महत्त्व नेमके या न सांगितलेल्या भागात आहे. विल्यम ले बॅरन जेनी यांनी रचलेली ही इमारत दहा मजल्यांची व सुमारे ४२ मीटर उंच होती. १८९१ साली तिच्यावर आणखी दोन मजले चढविण्यात आले. पूर्वीच्या उंच इमारतींत मजल्यांचा भार भिंती वाहत. त्यामुळे मजले वाढत तशी तळाची भिंत जाड होई आणि खालच्या मजल्यावरील जागा व उजेड दोन्ही घटत. जेनी यांनी हा भार मुख्यतः बिडाच्या खांबांवर आणि घडीव लोखंडाच्या तुळयांवर टाकला. सहाव्या मजल्याच्या वर बेसेमर पद्धतीच्या पोलादाच्या तुळया वापरल्या. १८७१ च्या आगीत शिकागोची वाताहत झाली होती. उघडे लोखंड आगीत टिकत नाही हा तिचा धडा ध्यानात घेऊन सांगाडा चिरेबंदी व विटांच्या आवरणात झाकला. भिंत आता आधार न राहता आवरण होऊ लागली.

‘होऊ लागली’ असेच म्हणावयास हवे. ‘झाली’ म्हणणे अतिशयोक्त ठरेल. १९३१ साली ही इमारत पाडताना तिची रचना उलगडून पाहण्यात आली. एका समितीने तिला आद्यत्वाचा मान दिला. दुसऱ्या तपासणीत मात्र, हे एक महत्त्वाचे पाऊल असले तरी पूर्ण सांगाडा नव्हे, असा निष्कर्ष निघाला. तळाचे ग्रॅनाइटचे स्तंभ व लगतच्या मिळकतींकडील भिंती अजून भार वाहत होत्या. उलटपक्षी, त्याच शहरात १८९१ साली पूर्ण झालेल्या मोनॅडनॉक इमारतीचा उत्तर भाग सोळा मजल्यांचा असून त्याच्या बाह्य भिंती विटांच्या व भारवाही आहेत. तळाशी त्यांची जाडी सुमारे सहा फूट आहे. निकष उंचीचा धरला तर मोनॅडनॉक होम इन्शुरन्सहून अधिक गगनचुंबी ठरते, आणि रचनेचा धरला तर ती जुन्या पद्धतीचा शेवटचा मोठा आविष्कार ठरते. एकाच संज्ञेत दोन निकष नकळत मिसळल्याने ‘पहिली कोणती?’ या वादाचा निकाल लागत नाही.

रचनेच्या निकषावर पाहू लागले की दृष्टी मुंबईकडे वळते. काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलची इमारत, पुढील काळातील एस्प्लनेड मॅन्शन, १८६७ ते १८६९ या काळात, म्हणजे होम इन्शुरन्सच्या सुमारे पंधरा वर्षे आधी, उभी राहिली. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केलेला तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटा करून, जहाजाने मुंबईस आणला व येथे जोडला. दर्शनी बाजूस भार वाहणारे खांब व तुळया उघड्या दिसतात. मधली जागा विटांनी भरली आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथे झाला आणि सामान्य वाचकाला ही इमारत बहुधा त्यामुळेच ठाऊक असते. तिचा सांगाडा हाच तिचा खरा विशेष होय, हे क्वचितच सांगितले जाते.

याचा अर्थ आद्यत्वाचा मान शिकागोकडून काढून मुंबईस द्यावा असा नाही. तो स्वदेशाभिमानाचा सोपा मोह होय. वॉटसन हॉटेल पाच मजल्यांचे. त्याचे लोखंड उघडे. आणि त्या रचनेतून मुंबईत उंच इमारतींची परंपरा निर्माण झाल्याचे दिसत नाही. शिकागोत मात्र सांगाडा, अग्निरोधक आवरण, सुरक्षित उद्वाहक आणि महाग होत चाललेली जमीन या चार गोष्टी एकत्र आल्या व त्यांतून परंपरा निघाली. ‘पहिली’ या पदाऐवजी ‘परंपरा जेथून सुरू झाली ती’ असे म्हटले तर होम इन्शुरन्सचे स्थान अबाधित राहते आणि वॉटसन हॉटेललाही त्याचे न्याय्य स्थान मिळते.

या परंपरेचा विस्तार पाहण्यासाठी महानगरातच जावे लागते असे नाही. नागपूरच्या दक्षिणेस हुडकेश्वर परिसरात दोन-तीन मजल्यांचे घर बांधले जाताना पाहावे. आधी कॉलम उभे राहतात, त्यांवर बीम व स्लॅब पडतो, सेंट्रिंग निघते आणि त्यानंतर मधल्या मोकळ्या जागी विटेची पातळ भिंत येते. येथे पोलादाची सळई व काँक्रीट आहे, बीड नाही; पण भार खांबांनी वाहावा आणि भिंतीने केवळ झाकावे, हे तत्त्व तेच आहे. बांधकामावरील माणसे ‘कॉलमचे घर’ आणि ‘लोड बेअरिंगचे घर’ असा भेद सहज करतात. या घरांना कोणी गगनचुंबी म्हणणार नाही. तथापि रचनेच्या दृष्टीने ती शिकागोच्या त्या इमारतीची वंशज आहेत, आणि त्या वंशाची खूण साहित्यिक भाषेपेक्षा गवंड्याच्या बोलीने अधिक अचूक जपली आहे.

एस्प्लनेड मॅन्शन धोकादायक ठरल्याने २०१९ साली रिकामी करण्यात आली; ती पाडावी की वाचवावी हा वाद तेव्हा न्यायालयापर्यंत गेला. होम इन्शुरन्सची रचना नीट कळली ती इमारत पाडताना. मुंबईच्या या सांगाड्याच्या बाबतीत तसे होऊ नये, यासाठी स्थापत्यज्ञांच्या अहवालांबरोबरच समीक्षेच्या भाषेचीही जबाबदारी आहे. जी भाषा इमारतीचे केवळ शिखर पाहते तिला पाच मजल्यांच्या इमारतीत जतन करण्याजोगे फारसे काही दिसत नाही. ‘गगनचुंबी’ हा शब्द काव्यात शोभतो व तेथे तो राहावा. इतिहासलेखनात मात्र इमारतीचा भार कोण वाहते, हा प्रश्न ती आकाशाला किती भिडते या प्रश्नाच्या आधी विचारला गेला पाहिजे.