हिरव्या पडद्यावरील अध्यापन : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना :
कोरोना काळात, २०२० नंतर, अध्यापनासाठी चित्रफीत तयार करणे ही प्राध्यापकांच्या नित्य कामाची बाब झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ई-आशय निर्मितीस गुण असल्याने या कामास प्रोत्साहनही आहे. हिरव्या पडद्यापुढे उभे राहून मागे हवे ते दृश्य जोडण्याचे ग्रीन स्क्रीन तंत्र याच प्रवाहातून वर्गापर्यंत आले. प्रस्तुत लेखात या साधनाचा केवळ गौरव न करता त्याच्या उपयोगाचा निकष शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

तंत्राचे स्वरूप :
दोन दृश्ये एकत्र आणण्याची कल्पना नवी नाही. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात त्यासाठी निळा पडदा वापरला गेला. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि हिरवा रंग रूढ झाला. तो त्वचेच्या छटांहून स्पष्टपणे वेगळा असतो आणि कॅमेऱ्याचा संवेदक तो अधिक बारकाईने टिपतो. आज हिरवे कापड, सारखा प्रकाश, मोबाईल आणि ओबीएस स्टुडिओसारखी मोफत संगणकप्रणाली एवढ्यावर काम भागते. मात्र कापडावर सुरकुती वा सावली नसावी, शिक्षकाने कापडापासून काही फूट पुढे उभे राहावे आणि हिरवी साडी किंवा सदरा टाळावा. अन्यथा वस्त्राच्या जागीही मागचे दृश्य उमटते.

चिकित्सा :
तंत्र सुलभ झाले म्हणून अध्यापन परिणामकारक झाले, असे म्हणता येत नाही. शिक्षकाच्या मागे हिमालय दाखवून पुढे टिपणे वाचली जात असतील, तर पडदा ही निव्वळ सजावट ठरते. आशयाशी संबंध नसलेली चित्रे व ध्वनी आकलनास मदत न करता अडथळा आणतात, हे रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनावरील संशोधनातून पुढे आले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे प्रत्यक्ष पाहता येते, त्याची जागा चित्राने घेऊ नये. बीड शहरातील विद्यार्थ्याला जलकुंडाच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वर मंदिर पडद्यावर दाखवणे म्हणजे हाताशी असलेले ज्ञान दूर लोटणे होय. तेथे सहलच योग्य.

मग हे साधन कोठे वापरावे? बीडजवळील सोळाव्या शतकातील खजाना बावडीचे उदाहरण घेता येईल. बावडी जाऊन पाहता येते. परंतु तिचे पाणी वाहून नेणारे भूमिगत मार्ग डोळ्यांना दिसत नाहीत. त्या मार्गांचा उभा छेद पडद्यावर घेऊन शिक्षक त्यात उभा राहिला आणि पाण्याची दिशा व जमिनीचा उतार त्याने हाताने दाखवला, तर जे वर्णनाने कळत नाही ते कळते. पेशीची रचना, भूजलाचे थर, रक्ताभिसरण हे याच प्रकारचे विषय होत. येथे शिक्षकाचे शरीर हेच निर्देशक बनते, आणि हेच या तंत्राचे खरे सामर्थ्य आहे.

बीड जिल्ह्यापुरता आणखी एक प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. त्यांतील विद्यार्थ्यांचे अनेक महिन्यांचे तास बुडतात. कोपीवर राहणाऱ्या अशा विद्यार्थ्याला तासाभराच्या दिखाऊ चित्रफितीचा उपयोग नाही. मागे हलते निसर्गदृश्य असले की फाईल जड होते. स्थिर आकृती असली की ती हलकी राहते आणि कमकुवत नेटवर्कवरही उतरवता येते. आठ-दहा मिनिटांत एकच संकल्पना मांडणारी चित्रफीतच त्याच्यापर्यंत पोहोचेल. अर्थात ती बुडालेल्या तासाची पूर्ण भरपाई नव्हे. परतल्यावर त्याची शंका ऐकून घेणारा शिक्षक लागतोच.

निष्कर्ष :
सारांश, हिरवा पडदा वापरण्यापूर्वी प्राध्यापकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. दाखवायची गोष्ट प्रत्यक्ष नेऊन दाखवता येते काय? मागील दृश्य काढून टाकले तर आशयाचे काही बिघडते काय? वर्गात येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला ही चित्रफीत उघडता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आणि उरलेल्या दोहोंचे 'होय' असेल, तरच पडदा टांगावा. अन्यथा खडू-फळा पुरेसा आहे. गुणांसाठी केलेली चित्रफीत नोंदवहीत राहते. विद्यार्थ्यासाठी केलेली त्याच्या आकलनात राहते.