गोधडीची उलटी बाजू

गोधडीविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यातले बहुतेक सारे 'ऊब' या एका शब्दाभोवती घोटाळत राहते. आईच्या लुगड्याची ऊब, आजीच्या हाताची ऊब, गेलेल्या माणसांची ऊब. कवितेत गोधडी आली की ती हटकून मायेचे प्रतीक होऊन येते. ललित निबंधात आली की बालपणाचे. ही भावना खोटी आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु एखाद्या वस्तूविषयी आपण वर्षानुवर्षे एकच गोष्ट बोलत असलो, तर त्या वस्तूकडे पाहावयाचे आपण थांबलो आहोत की काय, अशी शंका यावयास हवी. ही शंका मला फार दिवसांपासून आहे.

द्रौपदीने आपला भरजरी पीतांबर फाडून कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली, ही कथा १९५३ सालच्या 'श्यामची आई' या चित्रपटातील गाण्याने घरोघर पोचवली. चिंधीचे मोल ती देणाऱ्याच्या प्रेमावरून ठरते, हा त्या कथेचा आशय. कथेपुरता तो सुंदरच आहे. पण हाच निकष आपण गोधडीला लावतो तेव्हा एक अन्याय घडतो. माया सर्वांना करता येते. गोधडी सर्वांना येत नाही. जिच्या हाताला ती येते तिच्यापाशी मायेखेरीज आणखी काही असले पाहिजे. ते काय, याचा विचार करण्याऐवजी आपण तिच्या कौशल्याचे श्रेय तिच्या अंतःकरणाच्या खाती जमा करतो आणि मोकळे होतो. एखाद्या कवितेविषयी 'कवीचे मन फार प्रेमळ आहे' एवढेच लिहून थांबणाऱ्या गृहस्थाला आपण टीकाकार म्हणणार नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र आजवर अशीच टीका आली आहे.

आता कोणी म्हणेल, गोधडी ही पांघरावयाची वस्तू. तिला कलाकृतीचे निकष लावावयाचेच कशाला? कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या काळात पुरेसा रंगला, आणि त्याचा मुद्दा गोधडीपाशी आला तर मला वाटते तो आपोआप मिटेल. कारण येथे उपयोग आणि सौंदर्य यांना वेगळे करणारी रेघ ओढताच येत नाही. तथापि हे नुसते म्हणून भागत नाही, दाखवावे लागते.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी लय मानली, आणि संवाद, विरोध व समतोल असे लयीचे तीन नियम सांगितले. त्यांचे 'सौंदर्य आणि साहित्य' हे पुस्तक १९५५ सालचे. त्या पुस्तकावर पुढे रणे माजली; पण हे नियम कोणत्याही गोधडीला लावून पाहावेत, ते लागू पडतात. विटक्या तुकड्याशेजारी विटका तुकडा येतो, मग एकदम तांबडा. एका कोपऱ्यातल्या काळ्या चंद्रकळेला दुसऱ्या कोपऱ्यातून काळ्याचेच उत्तर मिळते. मात्र एवढ्याने गोधडीचे मर्म हाती लागत नाही. चित्रकाराला हवा तो रंग नळीतून काढता येतो. गोधडी शिवणारीला घरात जे फाटले असेल तेवढाच रंग मिळतो, आणि तोही कोणाच्या तरी अंगावर वर्षे काढून आलेला असतो. म्हणून कापडाचा तुकडा हा रंगापेक्षा शब्दाला जवळचा आहे. शब्दाला नाद असतो तसा अर्थही असतो, आणि कवीच्या हाती येण्यापूर्वी तो शेकडो तोंडांतून झिजलेला असतो. तुकड्यालाही रंग आणि पोत असतो, शिवाय तो कोणाच्या जुनेराचा हे घरातल्यांना ठाऊक असते. परक्याला त्याचा रंग कळतो, घरच्याला अर्थ कळतो. पण शिवणारीला या दोहोंपलीकडचे तिसरे काही पाहावे लागते, ते म्हणजे त्या कापडाचा कस. हे कापड अजून किती दिवस टिकेल, हा प्रश्न ती प्रत्येक तुकड्याला विचारते. गोधडीचा घाट या प्रश्नातून निर्माण होतो, असे माझे मत आहे.

माझ्यापाशी एक वाकळ आहे. साताऱ्याच्या माण भागातल्या आमच्या घरी 'वाकळ' हाच शब्द चालतो. ती माझ्या आत्याने शिवली. खाली एक नऊवारी जुनेर दुहेरी करून घातले आहे, मध्ये धोतराचे आणि लुगड्यांचे फाटके भाग एकावर एक येतील असे पसरले आहेत, वर तुकडे. जमिनीवर हे सारे अंथरून, कडांवर दगड ठेवून ताणून घ्यावयाचे, मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचावयाचे, आणि मग काठापासून धावदोरा सुरू करून कडेने फेरे घेत आत आत जावयाचे. त्यामुळे पुऱ्या झालेल्या वाकळीवर चौकोनात चौकोन उमटत जातात. ही झाली रीत; ती पुष्कळींची सारखीच. पण आत्याच्या वाकळीतले टाके नीट पाहू लागले की रीतीपलीकडच्या गोष्टी दिसू लागतात.

ओळींमध्ये सर्वसाधारणपणे बोटभर अंतर आहे. पण दोन ठिकाणी त्या एकदम दाट होतात, अर्ध्या बोटावर येतात, आणि कापडाला पाण्यावरच्या तरंगांसारख्या बारीक सुरकुत्या पडतात. वाकळ उजेडासमोर धरली की कारण कळते: त्या दोन्ही जागी आतले कापड विरलेले आहे. जेथे कापड थकले तेथे टाका धावून आला. पाहणाऱ्याला जी नक्षी वाटते ती मुळात डागडुजी आहे. डोक्याकडच्या बाजूला धोतराचे मऊ पांढरे कापड आहे, कारण ते गालाला लागते. पायाकडे इरकलीचा जाड काठ आहे, कारण झोपेत माणूस पांघरूण पायांनी ओढतो. या सगळ्या विटक्या कापडांत चोळीच्या हिरव्या खणाचा एकच तुकडा असा आहे की तो फारसा वापरलेला नाही. कोणीही तो मधोमध बसवला असता. आत्याने तो मध्यापासून दूर, डोक्याकडे डावीकडे लावला आहे. आणि तो कातरताना जी बोटभर रुंदीची पट्टी उरली, ती नेमकी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, पायाशी.

मी तिला एकदा विचारले, "आत्या, हा हिरवा तुकडा मधे का नाही लावलास?"

ती म्हणाली, "मधी घडी पडती न्हवं. घडीवर चांगलं कापड घातलं तर दोन वर्सांत इरतंय."

या उत्तरात ऊब कोठेच नाही. आहे तो वस्तूविषयीचा विचार. मात्र हे उत्तर पुरे आहे असेही मला वाटत नाही. घडीमुळे मध्यभाग बाद झाला हे खरे. पण मध्य सोडून जागा पुष्कळ होत्या. त्यांतली ही एकच तिने निवडली आणि तिला समोरच्या कोपऱ्यातून पट्टीचे उत्तर दिले. गरजेने एक जागा बाद केली. उरलेल्या जागांतली निवड तिच्या नजरेने केली. ओवी रचणारी बाई हेच करते. छंद काही शब्द बाद करतो, उरलेल्यांतून ती निवडते. त्या निवडीला आपण प्रतिभा म्हणतो, मग येथेच माया का म्हणावयाचे?

याचे एक कारण मला दिसते. टीकेला धरावयाला नाव लागते, कथा लागते. बंगालच्या कंथेपाशी ही दोन्ही होती. तिच्यावर हत्ती, पालख्या, कमळे, रथ भरलेले असत. जसीमुद्दिन यांनी 'नक्शी काँथार माठ' हे कथाकाव्य १९२९ साली लिहिले. गुरुसदय दत्त यांनी कंथा जमवल्या. स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ साली त्यांवर लेख लिहिला. मानदासुंदरी दासी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी केलेल्या कंथेवर स्वतःचे नावच टाक्यांनी लिहून ठेवले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड या नावाचे खेडे आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तेथे राहतात. त्या खेड्यातल्या स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा टीकाकारांना आधुनिक चित्रकलेची आठवण झाली. मला त्या तुलनेपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते: प्रत्येक गोधडीखाली ती शिवणारीचे नाव होते. मिसूरी पेटवे हिने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तेथे मायाही होती. पण नाव असल्यामुळे मायेबरोबर तिच्या रचनेविषयीही बोलणे भाग पडले. आमच्या गोधडीवर ना चित्र, ना नाव. त्या रिकाम्या जागी आम्ही 'आई' हा शब्द लिहून टाकला.

टीका आपल्याकडे मुळीच नव्हती असे मात्र नाही. घट बसण्यापूर्वी घरातल्या साऱ्या वाकळा नदीवर नेऊन धुवावयाच्या आणि खडकांवर वाळत टाकावयाच्या, ही आमच्या गावची रीत. त्या दिवशी साऱ्या गावाचे काम एका ठिकाणी पसरलेले असे, आणि बायका एकमेकींच्या वाकळा पाहत. टाका लांब पडलाय, कोपरा सुटलाय, काठ आत घ्यावयास हवा होता, असे त्या तोंडावर सांगत. 'किती प्रेमाने शिवली आहे' असे म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. ती टीका जाणकारांची होती, आणि तिच्यात कामाचा मान होता.

आज गोधडी पुन्हा प्रतिष्ठित झाली आहे. शहरातल्या एका कलादालनात मी ती काचेमागे पाहिली. खाली 'मायेची ऊब' अशी पाटी होती, शिवणारीचे नाव नव्हते. बाजारात नवे कोरे कापड कातरून केलेले पॅचवर्क मिळते. त्यात रंग नेटके असतात, पण कापडाच्या कसाचा प्रश्नच उरलेला नसतो. अडचण नाही म्हणून निवडही नाही. उलट घरोघर आता जे फाटते वा टाकून दिले जाते ते बहुधा कृत्रिम धाग्याचे. असे कापड सुती जुनेरासारखे वापराने मऊ होत नाही, सुईखाली सरकते. ज्या बाया त्यातूनही गोधड्या शिवतात त्यांच्यापुढे आत्यापेक्षा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यांच्या कामाकडे त्या प्रश्नासकट पाहिले पाहिजे. शिंप्याकडच्या कातरणातून दुपटे किंवा पिशवी करणाऱ्या मुलीलाही हाच न्याय. जुने दिवस परत यावेत म्हणून मी हे लिहीत नाही. वाकळ शिवली जाई ती थंडी होती आणि घोंगडे घ्यावयास पैसा नव्हता म्हणून. विकतचे पांघरूण परवडू लागताच सुई खाली ठेवणाऱ्या बाईने काही गमावले, असे म्हणण्याचा अधिकार तिच्या हातचे पांघरून झोपलेल्या आपल्याला नाही.

आपले काम वेगळे आहे. गोधडी हाती आली की ती आधी उलटी करावी. उलट्या बाजूला तुकडे नसतात, रंगांचा खेळ नसतो, कोणाचे लुगडे कोठे लागले याची आठवणही नसते. एका अखंड कापडावर नुसता धावदोरा दिसतो: कोठे सैल झाला, कोठे दाट झाला, वळणावर कसा फिरला, संपत आलेल्या दोऱ्याला नवा कोठे जोडला. तेथे शिवणारीचे अक्षर वाचता येते. काचेमागच्या गोधडीची तीच बाजू भिंतीकडे असते.