श्वसनयंत्रावरील रुग्णांसाठी फवाऱ्यावाटे प्रतिजैविके : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना :
अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णास होणारा न्यूमोनिया ही आधुनिक वैद्यकापुढील एक गंभीर समस्या होय. अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. अशा वेळी कोलिस्टिन किंवा अमिकासिन शिरेवाटे द्यावे लागते. परंतु ते फुप्फुसात अल्प प्रमाणात पोहोचते आणि मूत्रपिंडास अपाय करू शकते. औषध थेट फुप्फुसातच फवारले तर? या कल्पनेमागील तर्क आकर्षक आहे. तो पुराव्यावर कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुराव्याचे स्वरूप :
थायलंडमधील 2010 च्या अभ्यासात 100 रुग्णांना शिरेवाटे प्रतिजैविके चालू असताना निम्म्यांना कोलिस्टिनचा व उर्वरितांना सलाइनचा फवारा देण्यात आला. जिवाणूविषयक अनुकूल परिणाम अनुक्रमे 60.9 व 38.2 टक्के रुग्णांत आढळला. मात्र रुग्णाची प्रत्यक्ष प्रकृती सुधारण्याचे प्रमाण 51.0 व 53.1 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. ‘इनहेल’ या मोठ्या चाचणीतही (2020) हेच चित्र दिसते. विश्लेषणातील 508 रुग्णांपैकी अमिकासिनचा फवारा घेतलेले 75 टक्के, तर निष्क्रिय फवारा घेतलेले 77 टक्के रुग्ण वाचले. थुंकीतील जिवाणू नाहीसे होणे आणि माणूस बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा याचा पहिला धडा होय.

तथापि, यावरून ही पद्धत निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. ‘इनहेल’मधील दोन्ही गटांना शिरेवाटे प्रमाणित उपचार मिळत होते. तो उपचार जेथे पुरेसा असतो तेथे जोडऔषधाचा लाभ दिसणे कठीणच. खरा प्रश्न, जेथे शिरेवाटे उपचार अपुरा पडतो त्या रुग्णांचा आहे. शिवाय फवाऱ्यातील बराचसा अंश यंत्राच्या नळ्यांतच अडकतो. त्यामुळे उपकरण व तंत्र यांवरही फलित अवलंबून असते.

फ्रान्समधील 2023 च्या चाचणीत किमान तीन दिवस श्वसनयंत्रावर असलेल्यांना पुढील तीन दिवस अमिकासिनचा फवारा दिला असता न्यूमोनियाचे प्रमाण 22 वरून 15 टक्क्यांवर आले. हे यश प्रतिबंधाचे आहे. उपचाराचा पुरावा म्हणून ते उद्धृत करणे तर्कदुष्ट ठरेल.

मतभेद व जबाबदारी :
अमेरिकेच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ अमिनोग्लायकोसाइड किंवा पॉलिमिक्सिन गटांनाच दाद देणाऱ्या जिवाणूंसाठी जोडउपचार म्हणून फवारा सुचवला. युरोपीय तज्ज्ञांनी मात्र 2017 मध्ये, पुरावा दुर्बल असल्याने, तो टाळण्याचा सल्ला दिला. एकाच तुटपुंज्या पुराव्यातून दोन भिन्न निर्णय निघाले. भारताने 2019 मध्ये पशुपालनातील कोलिस्टिनवर बंदी घातली, ती हे अखेरचे शस्त्र बोथट होऊ नये म्हणून. तेच शस्त्र रुग्णालयात ‘देऊन पाहू’ या वृत्तीने वापरणे विसंगत होय.

समारोप :
सारांश, फवारा हा शिरेवाटे उपचाराचा पर्याय नसून निवडक रुग्णांसाठीचा पूरक उपाय आहे. श्वासनलिका आकुंचन पावण्याचा धोका लक्षात घेऊन तो देखरेखीखालीच द्यावा. पुढील संशोधनाचे मोजमाप प्रयोगशाळेतील तबकडीवर न थांबता रुग्णाच्या जगण्यापर्यंत पोहोचले पाहिजे. रुग्णाचे नातेवाईक दाराबाहेर त्याच उत्तराची वाट पाहत असतात.