डिजिटल दंतवैद्यक आणि विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन : प्रश्नावली-अभ्यासांची चिकित्सा

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना डिजिटल तंत्रज्ञानाचा कितपत परिचय आहे व त्याविषयी त्यांचा दृष्टिकोन कसा आहे, हे तपासणारे प्रश्नावली-अभ्यास अलीकडे विपुल प्रमाणात प्रसिद्ध होत आहेत. त्यांचा साचा बहुधा एकच असतो. तोंडात फिरवावयाचा स्कॅनर, संगणकावर केलेले कृत्रिम दाताचे आरेखन, त्रिमितीय मुद्रण यांविषयी आपण ऐकले आहे काय, ते उपयुक्त वाटते काय, असे प्रश्न विचारावयाचे आणि बहुसंख्यांचा होकार निष्कर्ष म्हणून नोंदवावयाचा. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा मावळ तालुक्यातील रुग्ण समोर ठेवून केली आहे.

पहिला आक्षेप 'परिचय' या संकल्पनेविषयी आहे. प्रकाशाच्या साहाय्याने दातांचे माप घेण्याची कल्पना फ्रान्सच्या फ्रांस्वा द्यूरे यांनी १९७३ मध्ये मांडली. झुरिच येथे वेर्नर म्योरमान यांनी संगणकाच्या साहाय्याने घडविलेले सिरॅमिकचे भरण १९८५ मध्ये रुग्णाच्या दातात बसविले. चार दशकांनंतर विद्यार्थ्याने त्याविषयी 'ऐकलेले' असावे, यात नवल ते काय? ऐकणे, पाहणे आणि स्वतःच्या हाताने करणे या तीन निराळ्या गोष्टी एकाच टक्केवारीत मिसळल्या, की त्या टक्केवारीतून काहीच कळत नाही.

'दृष्टिकोना'ची स्थिती याहून बिकट आहे. 'डिजिटल माप पारंपरिक मापापेक्षा सरस आहे' या विधानाशी सहमत आहात काय, असे विचारले जाते. कोणत्या कामासाठी, हे सांगितल्यावाचून याचे उत्तर देताच येत नाही. एक-दोन दातांच्या टोपीसाठी स्कॅनर उत्तम; अल्जिनेटने येणारे उमासेही टळतात. परंतु स्कॅनर दिसते तेवढेच टिपतो. हिरडीखालची कड रक्ताने वा लाळेने झाकलेली असेल, तर ती त्याला गवसत नाही. शिवाय लहान लहान प्रतिमा एकमेकींना जोडत पुढे जावयाचे असल्याने संपूर्ण जबड्याच्या मापात चूक साचत जाते; दात नसलेल्या जबड्यावर, हलत्या मऊ भागांमुळे, ती अडचण वाढते. नाणे मावळातून कामशेतला येणाऱ्या दंतहीन वृद्धाला हवी असते ती पूर्ण कवळी. तिचे माप घेताना ओठ व गाल हलवून कड घडविणारा सरावलेला हात लागतो. हे जाणून 'असहमत' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची गणना मात्र 'नकारात्मक दृष्टिकोन' या रकान्यात होते!

सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंडाच्या आतील भाग ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तथापि असे रुग्ण संपलेले नाहीत. (लोणावळ्याची चिक्की सर्वांना ठाऊक, ती चावणाऱ्या दातांची चौकशी कोण करतो?) अशा तोंडात मापाचा ट्रे जात नाही. स्कॅनरचे टोक जाईल काय, कितपत मागे पोचेल, हा खरा चिकित्सालयीन प्रश्न होय. प्रश्नावलीत तो आढळत नाही.

खर्चाचा उल्लेख असतो, पण 'अडथळा' या एका शब्दापुरता. वडगावला दवाखाना थाटणाऱ्या नवपदवीधराने काही लाखांचा स्कॅनर घेतला, तर त्याचा हप्ता रुग्णाच्या टोपीच्या दरातूनच वसूल होणार. त्याला 'अनुकूल आहात काय?' असे विचारण्यापेक्षा हा हिशेब मांडावयास सांगणे अधिक उद्बोधक ठरेल. तसेच, एक दंतहीन जबडा, एक तुटलेली दाढ आणि एक अर्धवट उघडणारे तोंड अशी तीन प्रकरणे विद्यार्थ्यापुढे ठेवावीत, प्रत्येकासाठी मापाची पद्धत निवडून कारण लिहावयास सांगावे, आणि ती उत्तरे रोज रुग्ण पाहणाऱ्या अध्यापकांकडून तपासून घ्यावीत.