होल्बाइनचा बाळराजा

चिरनेरच्या महागणपतीची शेंदरी मूर्ती आपण न्याहाळत नाही, तिचं दर्शन घेतो. हान्स होल्बाइनने 1538 च्या सुमारास लाकडी फळीवर रंगवलेला इंग्लंडचा राजपुत्र एडवर्डही पाहणाऱ्याकडून तेच मागतो. युरोपातल्या त्या काळच्या व्यक्तिचित्रांत चेहरा सहसा जरासा वळलेला असे. थेट समोरून, उजवा हात उचललेला, ही ठेवण बाळ येशूची. होल्बाइनने ती जेमतेम सव्वा वर्षाच्या पोराला दिली.

कारण उघड आहे. एडवर्डच्या बापाने, राजा आठव्या हेन्रीने, मुलासाठी किती वाट पाहिली आणि काय काय केलं, हे जगजाहीर आहे. मूल झालं आणि बाराव्या दिवशी आई, जेन सेमूर, गेली. 1539 च्या नववर्षदिनी चित्रकाराने राजाला राजपुत्राचं चित्र नजर केलं. ते बहुधा हेच. राजाने उलट भेट म्हणून सोन्याचा मुलामा दिलेला पेला दिला.

लाल मखमल, जरीच्या बाह्या, टोपडं आणि त्यावर पीस खोवलेली लाल टोपी. एवढा डामडौल अंगावर घालूनही टोपड्याखालून कपाळावर आलेलं सोनेरी जावळ होल्बाइनने झाकलेलं नाही. गाल फुगीर, मनगटं गुबगुबीत. उचललेला तळवा अभय देतोय की नुसता हलतोय, हे ठरत नाही. आणि डाव्या हातात सोन्याचा खुळखुळा! राजदंडाच्या ऐटीत धरलेला, पण खुळखुळाच. दरबारी चित्रकाराने एवढं खरं सांगितलं, हे मला फार मोठं वाटतं. पार्श्वभूमी मुळात निळी होती, आता ती मळकट तपकिरी दिसते. त्यामुळे तांबडा रंग जास्तच पुढे येतो.

खालच्या कठड्यावर दरबारी विद्वान रिचर्ड मॉरिसनच्या लॅटिन ओळी आहेत: बाळा, बापासारखा हो, त्याच्याहून थोर जगात कोणी नाही. खुशामतीचा कळस. वाचणारा अर्थातच बाप.

आपल्याकडे सवाई माधवरावांना चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं मिळाली. जेम्स वेल्सने 1792 मध्ये त्यांचं चित्र काढलं, त्यात नाना फडणवीस शेजारीच बसलेले आहेत. कारभार कोणाच्या हाती, ते विचारावं लागत नाही. होल्बाइनच्या चित्रात पालक कुठेच दिसत नाही, तो अक्षरांत बसला आहे. मला हे जास्त भेदक वाटतं.

एडवर्ड नवव्या वर्षी गादीवर आला आणि 1553 मध्ये पंधराव्या वर्षी वारला. चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहा. लॅटिन वाचत बसू नका, आधी मनगटं पाहा.